स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच तपासायचा

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि गाडीच्या बॉनेटला हात लावला तो फक्त धूळ पुसायला. पण गेले काही महिने भाच्यापायी मला इंजिनाचा 'लॉग' वाचायला शिकावं लागलं. जे दिसलं त्यावर आता गप्प बसवत नाही.

भाचा पुण्याला असतो. त्याची एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी. डिसेंबरात ती त्याने एका दुकानात 'रीमॅप' करून घेतली. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले कंपनीचे आकडे बदलायचे, टर्बोचा दाब वाढवायचा, ठिणगी थोडी आधी पाडायची. दुकानदाराने सोबत एक रंगीत आलेख दिला. आधीची रेघ खाली, नंतरची वर. भाचा खूश. "मामा, गाडी एक नंबर झाली! मामीला डोळ्याच्या ऑपरेशनला मीच नेतो, कारंजाहून समृद्धीला लागलो की सुसाट."

मी तो कागद उलटसुलट पाहिला. मास्तरची खोड, आधी कोपरे वाचायचे. खाली बारीक अक्षरात हवेचं तापमान होतं. आधीची चाचणी दुपारची, ३१ अंशांना. नंतरची भल्या सकाळी, १३ अंशांना. थंड हवा दाट असते, हे आपण सातवीत शिकवतो. दाब सारखा धरला तर या दोन तापमानांत हवा साधारण सहा टक्के दाट होते. मग त्या वरच्या रेघेत दुकानदाराची करामत किती आणि पहाटेच्या गारव्याची किती? ज्याने गाडीत बदल केला त्यानेच मोजमाप केलं, त्यानेच वेळ निवडली आणि त्यानेच निकाल लावला. असा पेपर कोणत्या बोर्डात चालतो?

एप्रिलअखेर भाचा लग्नाला यवतमाळला आला तेव्हा मी म्हटलं, आता आपल्या उन्हात लॉग घे. दारव्हा रोडला भर दुपारी, बाहेर ४३ अंश. गाडीच्या सॉकेटमध्ये एक डबी लावायची, फोनवर आकडे येतात. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून तीन फेऱ्या. (हे असं रस्त्यावर करायचं नसतं, हे मला नंतर कळलं. मामीला सांगू नका.)

पहिला गोंधळ दाबाचा. भाचा म्हणे, "बघा, दोन बार बूस्ट!" मी त्याला इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवायला लावली. फोन ९६ किलोपास्कल दाखवतो. टर्बो झोपलेला असताना हा दाब आला कुठून? तो बाहेरच्या हवेचा. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून पूर्ण १०१ नाही. म्हणजे लॉगमधल्या १९० मधून ९६ वजा करायचे, तेव्हा टर्बोचे उरतात ९४. एक बारही नाही. आणि शेजारच्याच रकान्यात इंजिनाने मागितलेला दाब २१० लिहिलेला. मागितले २१०, मिळाले १९०. कुठेतरी गळती आहे, की टर्बोची ताकद संपली, की कॉम्प्युटरने स्वतःच हात आखडता घेतला, हे शोधायला हवं. भाच्याने तो रकाना उघडलाच नव्हता.

खरी गोष्ट पुढे आहे. इंजिनाला एक कान असतो, नॉक सेन्सर. पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकलं तर तो ते ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी मागे ढकलतो. किती अंश मागे ढकलली, ते लॉगमध्ये येतं. पहिल्या फेरीत दोन अंश. दुसऱ्यात साडेतीन. तिसऱ्यात पाचाच्या वर, आणि तेही तिन्ही सिलिंडरांत. त्याच वेळी आत जाणाऱ्या हवेचं तापमान ४८, ५७, ६६ असं चढत गेलेलं. एखाद्या सिलिंडरात एकदाच अंशभर दिसलं असतं तर मीही म्हटलं असतं, खड्ड्याचा आवाज ऐकला असेल, सोड. (एक आकडा पाहून रडणारेही असतात, त्यांचाही मला कंटाळा आहे.) पण तिन्ही मुलं एकाच प्रश्नाला अडतात आणि दर परीक्षेला जास्त अडतात, तेव्हा दोष मुलांचा नसतो.

भाच्याने दुकानदाराला फोन केला. उत्तर आलं, "एरर लाइट लागली नाही ना? मग गाडी ओके. आणि पेट्रोलच वीस टक्के इथेनॉलचं, आकडे असेच येणार." हे दुसरं वाक्य मला फार लागलं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं, हे खरं. त्या पेट्रोलला जळायला हवा थोडी कमी लागते, हेही खरं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, याला साधारण साडेतेरा. पण लॉगमधला लॅम्ब्डा हा रकाना इंधनाच्या आपल्या गरजेशीच तुलना करतो, इंधन बदललं तरी एक म्हणजे एकच. फोन त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, ती फोनची चूक. आणि ठिणगी मागे का जाते, याचं उत्तर यात कुठे आलं? डिसेंबरात आकडे बसवताना पंपावर हेच पेट्रोल होतं ना?

एका परिस्थितीतला आकडा दुसरीत चालवू नये, हे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही दिसलं आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत पास होत. २०१५ मध्ये पुण्याच्या एआरएआय संस्थेने त्या रस्त्यावर मोजल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइड बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले, आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावायचं जाहीर केलं. तिथे निदान तपासणारा वेगळा होता. आपल्या गल्लीतल्या रीमॅपला कोण तपासतो? मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला कायद्याची मुभा नाही, ते तर बाजूलाच.

माझं भांडण वेगाशी नाही. तरुणांनी हौस करावी. पण पैसे घेणाऱ्याने कच्चा लॉग द्यावा, रंगीत रेघा नव्हे. उन्हाळ्यातल्या दुपारचा द्यावा, एकामागोमाग तीन फेऱ्यांचा, मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारीशेजारी. आणि पंधरा रकाने एकदम उघडू नयेत. फोनला प्रत्येक आकडा मग सेकंदाला जेमतेम एकदा मिळतो, सात सेकंदांच्या फेरीत सात ठिपके, आणि मधली गडबड निसटून जाते. चार रकाने पुरेत.

भाचा चार दिवस फुगून बसला होता. काल फोन आला, कंपनीचे मूळ आकडे परत टाकून घेतो म्हणाला, पण आधी एकदा पुण्यात दुपारी लॉग घेतो, "तुमची खात्री पटावी म्हणून." मी वहीत रकाने आखून ठेवलेत. मामीचं तिकीट मात्र रेल्वेचं काढलंय, धामणगावहून.