सावलीचा वाटा

वृक्षारोपण हा आता आपल्या प्रत्येक जयंतीचा आणि वर्धापनदिनाचा भाग झाला आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु रोप कोणते आणि ते कोठे लावावे, याचा विचार फारसा होत नाही. त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

तथागतांना पिंपळाखाली संबोधी प्राप्त झाली. म्हणून आपण श्रद्धेने घराच्या दारातच, भिंतीपासून चार-पाच हातांवर पिंपळ लावतो. आपल्यापैकी अनेकांची जागा जेमतेम एक गुंठा, म्हणजे सुमारे ३३ फूट लांब व तितकीच रुंद. त्यातच घर, न्हाणीघर आणि शोषखड्डा. पूर्ण वाढलेला पिंपळ तेथे मावत नाही. मुळे जोत्याखाली शिरतात, भिंतींना तडे जातात. मग ज्या हातांनी वंदन केले, त्याच हातांना कुऱ्हाड उचलावी लागते. ही चूक आम्हीही केली आहे. पंधरा वर्षे वाढवलेला बोधिवृक्ष तोडताना झालेली वेदना आम्ही विसरलेलो नाही.

सम्राट अशोकांच्या सातव्या स्तंभलेखात, माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावल्याची नोंद आहे. मोठ्या वृक्षाला मोठी आणि सर्वांची जागा, हा त्यातून आम्ही घेतलेला धडा आहे. वड-पिंपळ विहाराच्या प्रांगणात, शाळेच्या मैदानाकडेला, तळ्याकाठी लावावेत. त्यांना मोकळी जागा देणे हाच त्यांचा खरा आदर होय.

घरासाठी निवड वेगळी हवी. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीला तापवते. त्या बाजूस पंधरा-वीस फूट मोकळी जागा असेल तर कडुनिंब लावावा. ऐन उन्हाळ्यात तो हिरवा असतो. जागा कमी असेल तर पेरू किंवा सीताफळ लावावे. सांडपाण्याजवळ कढीपत्ता चांगला वाढतो. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असतात, तो छपरापासून दूर असावा. विजेच्या तारांखाली उंच वाढणारे कोणतेही झाड लावू नये.

गावच्या पारावर वडाची घनदाट सावली होती. आपल्या आजोबांना मात्र उन्हात, दूर उभे राहावे लागे. आज अंगण आपले आहे. तेथे लावलेले झाड आपल्या नातवंडांना सावली देईपर्यंत टिकले पाहिजे. म्हणून आधी जागा मोजावी, मग खड्डा खणावा.