भुतं घरी बनवलेलीच बरी

सप्टेंबर सरायच्या आत अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत प्लॅस्टिकचे सांगाडे येऊन उभे राहतात. काही तर बारा-बारा फुटी. सोबत पंख्याने फुगणारी भुतं, पॉलिएस्टरची कोळिष्टकं, कळ दाबली की खदखदून हसणारी चेटकीण आणि पिशव्या भरभरून इवलाली चॉकलेटं. २०२३ च्या हॅलोविनवर अमेरिकेतले ग्राहक १२.२ अब्ज डॉलर खर्च करतील, असा अंदाज तिथल्या नॅशनल रिटेल फेडरेशनने वर्तवला होता. त्याच धाटणीचा माल आता ऑक्टोबरात पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिसतो आणि ३१ तारखेच्या संध्याकाळी गृहसंकुलांमधली मुलं काळे झगे घालून दारोदार फिरतात.

‘हे आपलं नाही’ असा सूर त्यावर लगेच उमटतो. पण सण कोणाचा, या वादात वेळ घालवण्यापेक्षा तो कसा साजरा होतो याकडे पाहायला हवं. हॅलोविन हा मुळात हाताने करायचा सण. कंदील कोरायचा, पाव भाजायचा, घरातल्या जुन्या कपड्यांतून सोंग उभं करायचं, यातच त्याची सगळी मजा होती. ते करणं मागे पडलं आणि विकत घेणं तेवढं उरलं. या बदलाला सोय आणि जाहिरात कारणीभूत झाली, तशीच एक खोटी भीतीही झाली. ती भीती आता टाकून द्यावी आणि ज्यांना हॅलोविन करायचा आहे त्यांनी, मग ते न्यू जर्सीत असोत की बाणेरमध्ये, तो पुन्हा स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलावर आणावा.

या सणाची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये आहेत. पिकं घरात आली, हिवाळा तोंडावर आला, की केल्टिक लोक ‘साउन’ पाळत. ख्रिस्ती धर्म आल्यावर १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला आणि आदल्या रात्रीला आजचं नाव मिळालं. त्या रात्री आयरिश घरांत कंदील असे तो सलगमचा. सलगम कोरणं म्हणजे कष्टाचं काम. गर घट्ट, आकार लहान, चमच्याने खरवडता खरवडता मनगट भरून येतं. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या ग्रामीण जीवन दालनात अशा एका कंदिलाचा प्लॅस्टरचा साचा आहे. मूळ कंदील डोनेगलचा, १९४३ मध्ये संग्रहालयाला मिळालेला. खोल डोळे, वेडेवाकडे दात, सुरकुतलेलं कपाळ. दुकानातल्या कुठल्याही मुखवट्यापेक्षा तो भयंकर दिसतो.

खाण्याचंही तसंच. आयरिश घरांत या दिवशी ‘बार्मब्रॅक’ नावाचा गोडसर पाव होतो. मनुका आणि बेदाणे कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजत घालायचे, सकाळपर्यंत ते टम्म फुगतात. मग त्यात मैदा, अंडं, ब्राउन शुगर आणि दालचिनी-जायफळाचा मसाला घालून भाजायचं. पीठ साच्यात ओतण्याआधी त्यात कागदात गुंडाळलेली अंगठी, नाणं, वाटाणा आणि कापडाची चिंधी दडवायची. ज्याच्या तुकड्यात अंगठी येईल त्याचं लग्न जवळ, नाणं आलं तर पैसा, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही आणि चिंधी आली तर वर्ष ओढगस्तीचं. उकडलेले बटाटे आणि केल किंवा कोबी घोटून केलेल्या ‘कोलकॅनन’मध्येही नाणं दडवण्याची रीत होती. दुकानातून आणलेल्या पिशवीत असं काही सापडत नाही, कारण अंगठी कुणीतरी आपल्या माणसांसाठी दडवावी लागते.

स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन घरोघरी जात, पण खाऊ फुकट मिळत नसे. आधी गाणं म्हणायचं, कविता म्हणायची किंवा विनोद सांगायचा, मग ओंजळीत सफरचंद, अक्रोड, एखादं नाणं पडायचं. घरात काकवी लावलेले स्कोन दोरीला टांगायचे आणि हात न लावता खायचे, तोंड बरबटेपर्यंत. सोंग घरच्या कपड्यांचं, खेळ घरच्या दोरीचा आणि खाऊ घरच्या चुलीवरचा.

१८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यांतली बरीच अमेरिकेत उतरली. तिथे त्यांना भोपळा भेटला: मोठा, पोकळ, कोरायला सलगमच्या मानाने कितीतरी सोपा. पुढे बाजारही आला, पण सुरुवातीला तो हाताला काम देणारा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीने १९०९ मध्ये ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली. कंपनीला आपला क्रेप कागद खपवायचा होता, यात शंका नाही. पण त्या कागदाची वटवाघळं कशी कातरायची, टेबल कसं सजवायचं, पोशाख कसे शिवायचे, कोणते खेळ घ्यायचे, हे सगळं त्या पुस्तिकेत सांगितलेलं असे. कात्री चालवायची ती घरच्यांनीच.

दारोदार जाऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणण्याची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात रुळू लागली. महायुद्धात साखरेवर रेशन आलं, ते १९४७ मध्ये उठलं, आणि त्यानंतर ही पद्धत देशभर पसरली. त्या काळात मुलांच्या पिशवीत घरचे डोनट, कुकीज, सफरचंदं आणि मक्याच्या लाह्यांचे लाडू पडत. हे लाडू आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवांचे सख्खे भाऊच. साखरेचा पाक गोळीबंद व्हायला हवा, म्हणजे वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला की त्याची टणक गोळी झाली पाहिजे. तो लाह्यांवर ओतायचा आणि हाताला लोणी चोळून, चटके सोसत, भराभर वळायचं. पाक गार झाला की लाडू वळत नाहीत, म्हणून घरातली सगळी माणसं एकदम कामाला लागतात.

१९५० मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या अ‍ॅलिसन दांपत्याने याच हातकामातून एक मोठं काम उभं केलं. त्यांनी मुलांना दुधाचे रिकामे खोके सजवायला लावले आणि खाऊऐवजी युनिसेफसाठी नाणी मागायला पाठवलं. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले. पुढे हा उपक्रम अमेरिकाभर पसरला.

मग घरचा खाऊ बंद का झाला? १९६० आणि ७० च्या दशकांत बातम्या येऊ लागल्या की अनोळखी लोक सफरचंदात ब्लेड आणि मिठाईत विष घालून मुलांना देतात. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलमधल्या सायनाइडने सात जण दगावले आणि ती धास्ती शिगेला पोचली. इस्पितळांनी मुलांच्या खाऊचे एक्स-रे काढून द्यायला सुरुवात केली. पालक घरचे लाडू आणि कुकीज सरळ कचऱ्यात टाकू लागले. सीलबंद वेष्टनातला खाऊ तेवढा सुरक्षित, असा नियमच होऊन बसला.

डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळून या भीतीचा माग काढला. अनोळखी माणसाने दिलेल्या हॅलोविनच्या खाऊमुळे मूल दगावल्याचा किंवा गंभीर जखमी झाल्याचा एकही पुरावा त्यांना मिळाला नाही. बऱ्याच तक्रारी बनावट निघाल्या, अनेकदा मुलांनीच केलेल्या. १९७४ मध्ये टेक्सासात एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने खरोखर मेला. पण विष घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी त्याने ते केलं आणि १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. शिवाय ते विष होतं कारखान्यात बनलेल्या, नळीतल्या गोड पुडीत. शेजारच्या आजीच्या कुकीजनी कुणाचा जीव घेतला नव्हता. तरीही पन्नास वर्षं शिक्षा भोगली ती तिच्या कुकीजनीच.

हा बागुलबुवा नुसता खाऊपुरता राहिला नाही. आपल्या गल्लीतल्या माणसाच्या हातचं खायचं नाही, हे त्याने मुलांच्या दोन पिढ्यांना शिकवलं. जो सण शेजाऱ्याचं दार ठोठावण्याचा, त्याच दिवशी शेजाऱ्याचा संशय घ्यायला शिकवलं. साजऱ्या होणाऱ्या सणाचं याहून मोठं नुकसान दुसरं नाही. आपल्याकडच्या गृहसंकुलांनी हॅलोविन घेतला तो या भीतीनंतरचा, सीलबंद झालेला. ‘फक्त पॅकबंद चॉकलेटं आणावीत’ अशा सूचना सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतात. वास्तविक त्याच सोसायटीत महिनाभराच्या आत-बाहेर चकल्या-करंज्यांची ताटं घरोघरी जातात आणि कुणी त्यांचा एक्स-रे काढत नाही.

काही आक्षेप मात्र खरे आहेत. शेंगदाणे, काजू-बदाम, अंडी यांची अ‍ॅलर्जी काही मुलांच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २०१४ पासून ‘टील पंपकिन प्रोजेक्ट’ चालतो. ज्या घराच्या दारात निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा असेल, तिथे खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर, छोटी खेळणी मिळतात. भोपळा रंगवणं हेही घरचंच काम. घरच्या खाऊवर काय काय घातलं आहे याची चिठ्ठी लावली की निम्मी चिंता मिटते. आणि ज्या शहरात शेजारी एकमेकांना ओळखतच नाहीत, तिथे दारावर पॅकबंद खाऊ द्यावा आणि घरचा खाऊ ओळखीच्या घरांसाठी, मुलांच्या मेळाव्यासाठी ठेवावा.

दुसरा आक्षेप वेळेचा. नोकरी करणाऱ्या आईबापांवर आणखी एक ओझं टाकणं योग्य नाही, आणि व्यवहारात ते आईवरच पडतं. म्हणूनच हे काम घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवं. भोपळा कोरायला एक संध्याकाळ पुरते. झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरावी, म्हणजे ते आत घसरत नाही. बिया आणि रेषा हाताने ओढून काढणं हे मुलांचं काम. चेहरा कागदावर काढून तो भोपळ्यावर चिकटवायचा आणि रेषेरेषेवर टाचणीने टोचत जायचं, मग मोठ्याने बारीक दात्यांच्या करवतीने कापायचं. आत मेणबत्तीपेक्षा छोटा एलईडी दिवा बरा, झग्यांना धोका राहत नाही. बिया धुऊन, पुसून, तेल-मीठ-तिखट लावून मंद ओव्हनमध्ये कुरकुरीत होईपर्यंत भाजल्या की दुसऱ्या दिवशीच्या डब्याचीही सोय होते.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हे जमवणं आणखी सोपं आहे. कोरायचा मोठा भोपळा पाणचट असतो, पण त्याच हंगामात बाजारात येणारा छोटा, गोड भोपळा घारग्यांसाठी उत्तम. किसून गुळात शिजवायचा, मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी घालून पाणी न घेता मळायचं, थापायचं आणि तळायचं. थापताना कातणाने डोळे आणि तोंड कापलं की भुताचे घारगे तयार. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्या पहाटे गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर तरुणांनी कागद, गवत आणि बांबूचे नरकासुर जाळले, अनेक रात्री जागून स्वतः बनवलेले. तिथेही तयार मुखवटे बाजारात मिळतात. तरी नरकासुर उभा करायला पोरं वाड्यावर जमतात, कारण ते एकत्र जमणंच त्यांना हवं असतं.

सजावटीचा मुद्दा याहून साधा आहे. झाडाझुडपांवर ताणलेल्या पॉलिएस्टरच्या जाळ्यात पक्षी अडकतात, असा इशारा अमेरिकेतले वन्यजीव बचाव करणारे दर वर्षी देतात. त्याऐवजी घरातच जाड सुती दोऱ्याचं जाळं विणावं. वर्तमानपत्राला काळा रंग देऊन वटवाघळं कातरावीत, जुन्या पांढऱ्या चादरीचं भूत टांगावं, खोक्यांच्या पुठ्ठ्याची थडगी करावीत.

ज्या सोसायट्या आणि परदेशातली जी मराठी मंडळं यंदा हॅलोविन करणार आहेत, त्यांनी ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी दोन तास काढून मुलांना एकत्र बसवावं. कात्र्या, पुठ्ठे, रद्दी, डिंक घरोघरून आणावं. खाऊ द्यायचा तो आधी गाणं, कविता किंवा विनोद ऐकून. पोशाख विकत आणायचा नाही, एवढा एकच नियम ठेवावा. पॅकबंद खाऊचा आग्रह सोडून घरच्या पदार्थांसाठी वेगळं टेबल लावावं आणि प्रत्येक ताटासमोर घटकांची चिठ्ठी ठेवावी. १ नोव्हेंबरला दिवे काढून भोपळे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावेत, आणि पुठ्ठ्याची थडगी पुढच्या वर्षासाठी माळ्यावर.