कुकच्या डोळ्यावरची पट्टी

एक मोठं तैलचित्र. समुद्रकिनारी नुकताच उतरलेला कॅप्टन जेम्स कुक, मागे ब्रिटिश निशाण, बंदुका रोखलेले शिपाई. दूरवर भाले घेतलेले दोन आदिवासी. कुक हात पुढे करून आपल्याच माणसांना थांबवतो आहे. सहृदय, संयमी कुक. इमॅन्युअल फिलिप्स फॉक्सचं हे चित्र मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या कित्येक पिढ्यांनी आपल्या देशाची सुरुवात अशीच झाली असं मानलं.

प्रसंग 29 एप्रिल 1770चा, बॉटनी बेच्या किनाऱ्यावरचा. त्या दिवशी काय घडलं ते खुद्द कुकच्या रोजनिशीत आहे. दोन माणसं किनाऱ्यावर वाट अडवून उभी राहिली, तेव्हा कुकनं त्यांच्या मधून बंदूक झाडली. एकानं दगड मारला, तर त्यानं छर्रे झाडले आणि ते त्या माणसाला लागले. भाले आल्यावर पुन्हा बार काढला. चित्रात गोळीबार थांबवणारा हात प्रत्यक्षात चापावर होता! फॉक्सनं हे चित्र 1902 मध्ये लंडनमध्ये रंगवलं, ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींचं एक राष्ट्र झाल्याच्या निमित्तानं. नव्या राष्ट्राला निष्कलंक जन्मकथा हवी होती, ती त्यानं पुरवली.

1982 साली केर्न्स इथे जन्मलेल्या डॅनियल बॉइड या आदिवासी चित्रकारानं 2006 मध्ये हाच प्रसंग, हीच मांडणी घेऊन पुन्हा रंगवला. फक्त कुकच्या डोळ्यावर काळी पट्टी चढवली आणि निशाणावर कवटी आणली. चित्राचं नाव, ‘इथे आम्ही त्यांना चाचे म्हणतो’.

ही नुसती टवाळी आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रिटिश नौदलानं कुकला दिलेल्या गुप्त आदेशात, स्थानिकांच्या संमतीनं भूभाग ताब्यात घ्यावा, असं लिहिलेलं होतं. कुकनं कोणाचीही संमती न घेता 22 ऑगस्ट 1770 रोजी अख्खा पूर्व किनारा राजाच्या नावे केला. विचारल्याशिवाय घेणाऱ्याला बॉइडनं चाचा म्हटलं, तर त्यात अतिशयोक्ती कुठे आहे?

बॉइडचं दुसरं एक चित्र मला याहून अस्वस्थ करतं. त्यात कुकच्या सफरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स मोठ्या दिमाखात उभा आहे आणि जवळच बरणीत एक कापलेलं मुंडकं आहे. चेहरा बॉइडचा स्वतःचा. सिडनीच्या परिसरात इंग्रजांशी बारा वर्षं लढलेला पेमुलवुय 1802 मध्ये मारला गेला. गव्हर्नर किंगनं त्याचं मस्तक अर्कात घालून इंग्लंडला पाठवलं, ते याच बँक्सकडे. ते आजतागायत सापडलेलं नाही. ज्याचा चेहरा हरवला, त्याच्या जागी चित्रकारानं आपला दिला. इतका थेट आणि इतका धीराचा निर्णय समकालीन चित्रकलेत मी क्वचितच पाहिला आहे.

फॉक्सचं चित्र भिंतीवरून उतरवा, असं मी म्हणणार नाही. ते राहू दे, पण बॉइडच्या चित्राशेजारी. आणि एक विनंती तुम्हालाही. संग्रहालयात असो वा मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात, ऐतिहासिक प्रसंगाचं चित्र दिसलं की प्रसंगाच्या सालावर थांबू नका. ते चित्र कोणत्या साली, कोणी आणि कोणासाठी काढलं, हेही शोधा.