समजलं? मग परत सांगा

राळेगावच्या आभाळातून रात्री लुकलुकत जाणारे विमान आपण सगळेच पाहतो. आपल्यापैकी कित्येकांचे नातलग हज-उमऱ्यासाठी किंवा आखाती देशांत नोकरीसाठी अशाच विमानाने गेलेले असतात. प्रवाशाला खिडकीतून ढग दिसतात, पण तेवढ्या वेळात वैमानिक आणि जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक रेडिओवर बोलत असतात. ही भाषा म्हणायला इंग्रजी, पण तिच्यातले शब्द मोजके आणि ठरलेले आहेत.

सिनेमे पाहून आपल्याला वाटते की 'रॉजर' म्हणजे 'हो'. तसे नाही. 'रॉजर' म्हणजे फक्त 'तुमचे बोलणे पूर्ण ऐकू आले'. होकारासाठी 'अफर्म', नकारासाठी 'निगेटिव्ह' आणि 'समजले, तसेच करतो' यासाठी 'विल्को' असे वेगळे शब्द आहेत. ऐकणे, होकार देणे आणि करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण घरात तिन्हींसाठी एकच 'हो' वापरतो!

खरखरत्या रेडिओवर बी, डी, पी ही अक्षरे सारखीच वाटतात. म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा असे म्हणतात. फाइव्ह आणि नाइन यांची गल्लत होऊ नये म्हणून 'फाइफ' आणि 'नाइनर' असा उच्चार करतात. दुसरे विमान कुठे आहे हे घड्याळाच्या आकड्यांवरून सांगतात. बारा म्हणजे नाकासमोर, तीन म्हणजे उजवीकडे, नऊ म्हणजे डावीकडे. जिवावरचे संकट आले तर 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारतात. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो घडला आहे.

एवढी काटेकोर भाषा कशासाठी? २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. केएलएम कंपनीचे विमान धावपट्टीच्या टोकाला उभे होते. त्याच धावपट्टीवर पॅन अॅमचे विमान होते. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना केएलएमच्या वैमानिकाने, आम्ही आता 'टेक-ऑफ'वर आहोत, अशा अर्थाचे मोघम शब्द वापरले. नियंत्रकाला वाटले, विमान तयार होऊन उभे आहे. तो 'ओके' म्हणाला. 'थांबा, मी सांगतो' हे त्याचे पुढचे शब्द पॅन अॅमच्या वैमानिकाच्या बोलण्यात दबून गेले. टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नियम झाला की 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे.

आपल्या देशातली घटना तर आणखी जवळची आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे प्रवासी विमान १४ हजार फुटांवर होते. समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितले होते. तिथे पोहोचल्याचे त्याने कळवलेही. पण ते आणखी खाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमाने आदळली. ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. सौदी विमानात पोटासाठी परदेशी निघालेले कित्येक भारतीय कामगार होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने परवानगीशिवाय खाली येणे हे मुख्य कारण ठरवले आणि कझाक चालकांचे अपुरे इंग्रजी ज्ञानही नोंदवले. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारा वेगळा होता. एकाने ऐकलेले दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचणे किती महत्त्वाचे, हे यातून कळते.

म्हणून उंची, दिशा, धावपट्टी यांविषयीची सूचना मिळाली की वैमानिक ती आकड्यांसह परत म्हणतो. नियंत्रक लक्ष देऊन ऐकतो आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करतो. आपल्याला ही पद्धत नवी नाही. मकतबात उस्ताद सबक देतात आणि मूल तो परत ऐकवते. मुंडी हलवलेली तिथे चालत नाही, कारण ऐकवल्याशिवाय चूक सापडत नाही.

घरात मात्र आपण हे विसरतो. डॉक्टर म्हणतात, ही गोळी अर्धी, ती जेवणाआधी. अब्बा 'हो हो' म्हणून बाहेर येतात आणि घरी आल्यावर अर्धी कोणती ते कुणालाच सांगता येत नाही. यवतमाळच्या दवाखान्यातून फोन येतो, रक्त हवे आहे, आणि 'बी'चे 'डी' ऐकू येऊन 'डी म्हणजे कोणता गट?' यातच वेळ जातो. 'साठ' आणि 'सात' यांचीही फोनवर अशीच गत होते.

तेव्हा आजपासून एक सवय लावून घ्या. औषधाचा डोस, रक्तगट, बँकेचा खाते क्रमांक, गाडीची वेळ यांपैकी काहीही ऐकले की ते लगेच मोठ्याने परत सांगा. आकडा असेल तर एकेक अंक सुटा म्हणा. आणि वडीलधाऱ्यांना 'समजलं का?' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो'च येते. त्याऐवजी म्हणा, "अम्मी, गोळी कधी घ्यायची, मला एकदा सांगा बरं." चुकले तर रागावू नका, पुन्हा सांगा. बरोबर ऐकू येईपर्यंत सांगा.