बारा काळांचा पाढा

इंग्रजी क्रियापदाला बारा काळ असतात, असें आमच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें जात आहे. वर्तमान, भूत व भविष्य हे तीन; प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण व चालू-पूर्ण असे चार प्रकार; तीन चोक बारा! मुलानें कोष्टक घडाघडा म्हटलें कीं शिक्षक प्रसन्न आणि आईबाप धन्य. आमचें स्पष्ट मत असें कीं, हें व्याकरण नसून पाढा आहे, आणि त्यानें मुलांच्या इंग्रजीचा उघड घात चालविला आहे.

मूळ भाषेकडेच पाहावें. इंग्रजी क्रियापद स्वतःच्या रूपानें दोनच काळ दाखवितें: 'गो' आणि 'वेंट'. बाकीचें काम 'हॅव', 'बी', 'विल' इत्यादि साहाय्यक क्रियापदें करितात. हा शोध आजचा नव्हे. ऑक्सफर्डचा गणिती जॉन वॉलिस यानें १६५३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत दोनच काळ मानले. १७९५ सालीं लिंडले मरेनें सहा मानले. त्यांवर लॅटिनची छाया उघड आहे. विसाव्या शतकांत येस्पर्सन या डॅनिश पंडितानें इंग्रजीला खरा भविष्यकाळ नाहीं, असें पुन्हा बजावलें. गणित्याला जेथें दोन दिसले, तेथें आम्ही गुणाकार करून बारा केले!

शिवाय रूपाचें नांव निराळें, प्रत्यक्ष वेळ निराळी. 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो' यांत रूप वर्तमानाचें, गाडी उद्यांची. 'इफ आय न्यू' यांत रूप भूताचें, बोलणें आतांचें. यांत नवल तें काय? हाक आली कीं जागचे न हलतां आपणही "आलों!" म्हणतोंच. परंतु जें आपल्या भाषेंत मूल उपजत जाणतें, तेंच इंग्रजीच्या तासाला त्याच्यापासून लपविलें जातें.

परिणाम सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. "मी त्याला काल पाहिलें आहे" हें मराठींत चालतें, म्हणून मुलगा 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' लिहितो. इंग्रजींत 'हॅव' आलें कीं गोष्ट आजशी जोडली जाते. संपून गेलेल्या कालला तेथें जागा नाहीं. "मी दहा वर्षें येथें राहतों आहें" याचें तो 'आय ॲम लिव्हिंग' करितो. मागें सुरू होऊन आतांपर्यंत आलेल्या गोष्टीला इंग्रजींत 'हॅव बीन' लागतें, हें त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें. या चुका करणाऱ्याला कोष्टक मात्र तोंडपाठ असतें!

कोणी म्हणतील, परीक्षेसाठीं कोष्टक सोयीचें आहे. असेल, पण सोय कोणाची? तपासणाऱ्याची. नांवें शिकविण्यास आमची हरकत नाहीं, परंतु अर्थ आधीं यावा, नांव मागून. 'आय लॉस्ट माय की' म्हणणाऱ्याची किल्ली पुढें सांपडलीही असेल. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणणारा अजून बंद दारापुढें उभा आहे. एवढ्या एका भेदावर एक सबंध तास खर्च झाला, तर तो बारा नांवांच्या घोकंपट्टीहून अधिक सार्थकीं लागेल.

याहून मोठी हानि आणखी एक आहे. याच मापानें मराठीही मोजली जाऊं लागते. "तो रोज येई" हा आपला रीतिभूतकाळ एका शब्दांत जें सांगतो, त्यासाठीं इंग्रजीला 'यूज्ड टु'ची जोड द्यावी लागते. आणि बारा खणांत त्या 'येई'ला खणच नाहीं. ज्या घरांत इंग्रजीचा वारा नाहीं, तेथील मुलगा मग दोन निष्कर्ष काढतो: आपली भाषा अपुरी आणि आपली बुद्धि मंद. दोन्हीही खोटे आहेत. अपुरें आहे तें कोष्टक. तें फळ्यावरून पुसावें आणि त्या जागीं दोन जिवंत वाक्यें लिहावीं, एवढेंच आमचें शिक्षकांस व पालकांस सांगणें आहे.