भीक नको, कुत्रे सोडू द्या



मुळशीच्या डोंगराखाली दोन तऱ्हेची कुत्री आहेत. एक फार्महाऊसच्या फाटकाआड, कागदपत्रांसकट विकत आणलेले विलायती. दुसरे भातखाचराच्या बांधावर रात्र काढणारे गावठी. पहिल्याला काम नाही. दुसऱ्याला काम आहे, पण सरकारची मुभा नाही. तुमच्या कोरडवाहू रानातही हेच दुसरे कुत्रे आहे. ज्वारी हुरड्याला आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत ती आडवी करतो, आणि कुत्रे साखळीला भुंकत राहते.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडा. कलम 2(16) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. मारणे तर त्यात आहेच, पाठलाग करणे आणि हाकणेही आहे. म्हणजे स्वतःच्या उभ्या पिकातून कुत्रे लावून डुक्कर पिटाळणारा शेतकरी कायद्याच्या लेखी शिकारी! कलम 11 खाली पीक वाचवण्यासाठी परवानगी मिळू शकते, पण ती देणार साहेब. अर्ज शेतकऱ्याने करायचा. डुकराला अर्ज लागत नाही.

कुत्र्याची जात कामाने घडते. इंग्लंडात बुलडॉग बैलावर सोडत. 1835 साली तो क्रूर खेळ कायद्याने बंद झाला, हे योग्यच झाले. पण पुढे प्रदर्शनवाल्यांनी त्याचे नाक इतके चपटे केले की आज त्याला धड श्वास घेता येत नाही. त्याच रक्ताची कुत्री अमेरिकेच्या दक्षिणेत शेतकऱ्यांनी मोकाट डुकरे आणि गुरे धरायला पाळली. ती कामाची राहिली.

आपली कारवानी, म्हणजेच मुधोळ, सशामागे धावून घडली. 2016 साली मीरतच्या लष्करी केंद्रात मुधोळ कुत्र्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. सरकारला आमचे कुत्रे देशाच्या सीमेवर चालते, शेताच्या बांधावर चालत नाही! मार्च 2024 मध्ये दिल्लीने पत्र काढून 23 जातींवर बंदी घालायला सांगितले. संबंधितांना विचारलेच नाही, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द केले. टेबलावर बसून कुत्रे कळत नाही.

ते आपल्याला कळते. म्हणून वीण आपणच निवडू. शेळी-कोंबडीवर जाणाऱ्या, पोराबाळांवर गुरगुरणाऱ्या कुत्र्याची पिल्ले धरू नका. सुळ्यावर आंधळी झेप घेणारे एका हंगामात फाटते. अंतर राखून भुंकणारे, कळप वळवणारे आणि हाकेसरशी परतणारे कुत्रे खरे; त्याचीच वीण वाढवा. रेबीजची लस चुकवू नका.

सरकारकडे मागणी एकच: पिकातून जनावर हाकणे ही शिकार नव्हे, असे कायद्यात लिहा. पंचनाम्याची भीक घेऊन घरी जा, असे सांगणाऱ्यांना जिल्हा मेळाव्यात उत्तर द्या. म्हण आहे, भीक नको पण कुत्रा आवर. आमचे म्हणणे, भीक तुमच्याकडेच ठेवा, कुत्रा आम्हाला सोडू द्या.