प्लगइन अपडेट होत नाही? दोष दर वेळी तुमच्या साइटचा नसतो

२५ सप्टेंबर २०२४ रोजी जगभरातल्या असंख्य वेबसाइट मालकांना एकच अनुभव आला. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये जाऊन प्लगइन अपडेट करायला घेतलं, तर काम होईना. साइटमध्ये कुणी काही बदललं नव्हतं, होस्टिंगचे पैसे भरलेले होते, इंटरनेटही नीट चालू होतं. तरी अपडेट येत नव्हतं. कारण प्लगइन जिथून येतात त्या वर्डप्रेस डॉट ऑर्गने डब्ल्यूपी इंजिन या मोठ्या मॅनेज्ड होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरना आपलं दार बंद केलं होतं. भांडण दोन कंपन्यांचं होतं, पण अडकले ग्राहक.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या भांडणाचं मालवणात बसून काय करायचं?

आपल्याला फरक का पडतो

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात आज घराघरात होमस्टे आहेत. त्यांची वेबसाइट बहुतेक वेळा घरातलाच कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी सांभाळते, तीही फोनवरून. जगातल्या साधारण ४३ टक्के वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात आणि आपल्याकडच्या छोट्या धंद्यांच्या साइटचीही तीच गोष्ट आहे. मी अशा काही साइट बघतो. मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे, "अपडेट फेल दाखवतंय, काय करू?"

यात पणाला काय लागतं ते बघा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद. सप्टेंबरनंतर सीझन सुरू होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरतात. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणजे तो वाद नेमका आपल्या बुकिंगच्या दिवसांत पेटला होता. साइट बंद दिसली तर पुण्याचा पर्यटक फोन करून विचारत बसत नाही. तो बुकिंग ॲपवर जातो आणि तिथून आलेल्या बुकिंगवर कमिशन कापलं जातं. आणि अपडेट न करता साइट तशीच ठेवली, तर चोराला दार उघडं राहतं. ऑगस्ट २०२४ मध्ये लाइटस्पीड कॅश या ५० लाखांहून जास्त साइटवर असलेल्या प्लगइनमध्ये मोठी त्रुटी सापडली. तिच्यातून बाहेरचा माणूस थेट ॲडमिन होऊ शकत होता. त्यावरचा इलाज एकच होता, नवीन व्हर्जन टाकणं.

म्हणून अपडेट का अडलं हे ओळखता येणं गरजेचं आहे.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं

तुमची साइट साधारण दिवसातून दोनदा वर्डप्रेस डॉट ऑर्गला विचारते की माझ्या प्लगइनची नवीन व्हर्जन आली आहेत का. आली असतील तर डॅशबोर्डमध्ये आकडा दिसतो. तुम्ही अपडेट दाबलं की होस्टिंगचा सर्व्हर तिथून झिप फाइल उतरवतो, ती उलगडतो, जुनं फोल्डर बाजूला करतो आणि नवीन त्या जागी ठेवतो.

इथे फोनवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. फाइल तुमच्या फोनवर उतरत नाही, ती सर्व्हरवर उतरते. त्यामुळे देवबागला रेंज गेली म्हणून अपडेट फाटलं, असं सहसा होत नाही. सुरू झालेलं काम साधारणपणे सर्व्हरवर पूर्ण होतं. पण एकदम आठ-दहा प्लगइन निवडून अपडेट दाबलं असेल, तर ब्राउझर ती एकामागून एक पाठवत असतो. टॅब बंद केला की उरलेली तशीच राहतात. म्हणून रेंज गेली तर घाईने पुन्हा बटण दाबू नका. दोन मिनिटं थांबा, पान रिफ्रेश करा, व्हर्जनचा आकडा बदलला का ते बघा आणि मग ठरवा.

आणखी एक. वर्डप्रेसचं घड्याळ आपोआप चालत नाही. कुणी साइट उघडली की ते जागं होतं आणि साठलेली कामं करतं. जून-जुलैमध्ये साइटवर माणूसच फिरकत नसेल तर ऑटो अपडेट वेळेवर होईलच असं नाही. काही मॅनेज्ड होस्ट यासाठी स्वतःचं वेगळं घड्याळ लावतात. तुमचा लावतो का, हे एकदा विचारून ठेवा.

२०२४ मध्ये काय झालं

वर्डप्रेस सुरू झालं २००३ मध्ये. सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक मॅट मुलेनवेग. त्यांची ऑटोमॅटिक ही कंपनी वर्डप्रेसवर आधारित सेवा विकते. डब्ल्यूपी इंजिन ही २०१० मध्ये सुरू झालेली तिची स्पर्धक. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग यांनी जाहीर टीका केली की ही कंपनी वर्डप्रेसवर भरपूर कमावते आणि प्रकल्पाला परत फारसं देत नाही. ट्रेडमार्क वापरायचा तर उत्पन्नाच्या ८ टक्के द्या, अशी मागणी ऑटोमॅटिकने केली. डब्ल्यूपी इंजिनने ही खंडणी असल्याचा आरोप केला. दोन्हीकडून वकिलांच्या नोटिसा गेल्या आणि २५ सप्टेंबरला दार बंद झालं.

दोन दिवसांनी तात्पुरती सवलत मिळाली, ती १ ऑक्टोबरला संपली. तोपर्यंत डब्ल्यूपी इंजिनने अपडेट पोचवण्याची स्वतःची पर्यायी सोय उभी केली होती. २ ऑक्टोबरला कंपनी कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात गेली. १० डिसेंबरला न्यायाधीश अरासेली मार्टिनेझ-ओल्गिन यांनी अंतरिम आदेश दिला की आधीसारखा प्रवेश परत द्या. मूळ खटला त्यानंतरही चालूच राहिला.

मधल्या काळात वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या लॉगिन पानावर 'माझा डब्ल्यूपी इंजिनशी संबंध नाही' अशा अर्थाची टिक करावी लागत होती. आदेशानंतर ती काढावी लागली. तिच्या जागी आलं, पिझ्झावर अननस चविष्ट लागतो याला टिक करा! हसू येतं खरं, पण कोट्यवधी साइट ज्या दारातून अपडेट घेतात त्या दारावर काय लिहायचं हे एक माणूस ठरवू शकतो, हेही त्यातून दिसतं. वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही साइट संस्थेच्या नाही, मुलेनवेग यांच्या वैयक्तिक मालकीची आहे, ही गोष्ट अनेकांना याच वादात पहिल्यांदा कळली.

आणि मग एसीएफ

तुमची साइट डब्ल्यूपी इंजिनवर नव्हती म्हणून तुम्ही सुटलात, असंही नाही. ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, म्हणजे एसीएफ, हे २० लाखांहून जास्त साइटवर असलेलं प्लगइन डब्ल्यूपी इंजिनच्या मालकीचं आहे. खोलीचा दर, किती जण राहतील, एसी की नॉन एसी अशी माहिती ठेवायला डेव्हलपर ते खूप वापरतात. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वर्डप्रेस डॉट ऑर्गने सुरक्षेचं कारण देत ते पान आपल्या ताब्यात घेतलं आणि तिथे सिक्युअर कस्टम फील्ड्स नावाची स्वतःची आवृत्ती ठेवली. ज्यांच्याकडे मोफत एसीएफ होतं आणि ऑटो अपडेट चालू होतं, त्यांच्या साइटवर एका वेगळ्याच टीमचं प्लगइन येऊन बसलं. साइट डब्ल्यूपी इंजिनवर नसली तरी.

कोड ओपन सोर्स असल्यामुळे त्याची नक्कल करून वेगळी आवृत्ती काढायला परवानगी आहे. पण चालू असलेलं प्लगइन बनवणाऱ्याच्या संमतीशिवाय असं काढून घेणं वर्डप्रेसच्या २१ वर्षांत घडलं नव्हतं, असं एसीएफच्या टीमचं म्हणणं होतं. कोर्टाच्या आदेशानंतर काही दिवसांत ते पान त्यांना परत मिळालं.

कोण बरोबर, ते कोर्ट ठरवेल. मला यातून दिसतं ते एवढंच: सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं असलं तरी ते तुमच्यापर्यंत आणणारी पाइपलाइन कुणाच्या तरी ताब्यात असते. घरात नळ आहे म्हणजे पाणी आपलं, असं नसतं. जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली फेअर नावाचा प्रकल्प सुरू झाला, तो यासाठीच. प्लगइन एकाच ठिकाणाहून न येता अनेक ठिकाणांहून यावीत, अशी त्याची कल्पना आहे.

मग अडलंय कुठे? या क्रमाने बघा

अपडेट फेल झालं की लोक लगेच प्लगइन डिलीट करून पुन्हा टाकतात. काही प्लगइन डिलीट होताना आपली सेटिंगही पुसून टाकतात, त्यामुळे ते शेवटी. आधी हे चार प्रश्न विचारा.

१. *एकच प्लगइन अडलंय की सगळीच?* सगळीच अडली असतील तर प्लगइनला दोष देऊ नका. डॅशबोर्डमध्ये टूल्सखाली साइट हेल्थ उघडा. वर्डप्रेस डॉट ऑर्गशी संपर्क होत नसेल तर ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. मग विषय होस्टचा किंवा त्या दाराचा आहे. स्क्रीनशॉट काढा आणि होस्टच्या सपोर्टला पाठवा.

२. *एकच अडलं असेल तर ते पैसे देऊन घेतलेलं आहे का?* विकतची प्लगइन बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येतात, तेही लायसन्स चालू असेल तर. अपडेट पॅकेज उपलब्ध नाही असा मेसेज आला तर लायसन्स संपल्याची शक्यता मोठी. साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या लायसन्सवर प्लगइन टाकलं असेल आणि त्याने ते रिन्यू केलं नसेल, तर तुम्ही कितीही बटणं दाबा, अपडेट येणार नाही.

३. *जागा भरली का?* फाइल कॉपी करता आली नाही असा मेसेज दिसला तर हे आधी तपासा. बॅकअप प्लगइन जुने बॅकअप त्याच होस्टिंगमध्ये साठवत राहतात. त्यात ड्रोनने काढलेले मोठमोठे फोटो जसेच्या तसे चढवलेले असतात. जागा मोकळी केली की पुष्कळदा अपडेट गुपचूप होतं. जागा असूनही तोच मेसेज आला तर फाइल लिहायची परवानगी बंद असू शकते, ती होस्टकडून सुरू करून घ्या.

४. *पीएचपी जुनं आहे का?* वर्डप्रेस ज्यावर चालतं ती भाषा म्हणजे पीएचपी. नवीन प्लगइनला नवीन पीएचपी लागतं आणि ते नसेल तर वर्डप्रेस अपडेट करूच देत नाही. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, तरी जुन्या साइट त्यावर चालताना दिसतात. होस्टच्या पॅनेलमधून ते बदलता येतं, पण आधी बॅकअप घ्या.

अपडेटच्या मध्येच साइटवर 'देखभालीसाठी थोडा वेळ बंद' असा इंग्रजी मेसेज अडकला तर घाबरू नका. दहा मिनिटांनंतर वर्डप्रेस तो स्वतःच मानेनासा होतो. त्यानंतरही दिसत असेल तर कॅश साफ करा. आणि मेसेज गेला तरी प्लगइन अर्धवट बसलं नाही ना, ते तपासा. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ पासून कॉपी फसली तर वर्डप्रेस जुनं व्हर्जन परत ठेवतं. जुलै २०२४ च्या ६.६ पासून ऑटो अपडेटमुळे साइट कोसळत असेल तरी ते मागे फिरतं. म्हणजे वर्डप्रेसचं मुख्य व्हर्जन नवीन ठेवणं हाच अर्धा विमा आहे.

'मॅनेज्ड'चा अर्थ लेखी विचारा

मॅनेज्ड प्लॅन म्हणजे सगळं तेच बघणार, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एखादी कंपनी फक्त वर्डप्रेस अपडेट करते, प्लगइन तुमच्यावर सोडते. एखादी प्लगइनही करते, पण तिच्या यादीत नसलेली नाही. काही जण ठरावीक प्लगइन चालूच देत नाहीत, काहींनी डॅशबोर्डमधून फाइल बदलणं बंद केलेलं असतं. तिथे अपडेट 'फेल' होत नाही, बटणच दिसत नाही! म्हणून प्लॅन घेताना तीन प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या: प्लगइन कोण अपडेट करणार? बॅकअप किती दिवसांचे ठेवता आणि ते मला उतरवून घेता येतात का? वर्डप्रेस डॉट ऑर्ग बंद पडलं तर तुमची दुसरी सोय काय?

सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि होडी बंद असली तरी प्यायचं पाणी आत होतं. साइटसाठी ती विहीर म्हणजे तुमच्या हातातला बॅकअप: होस्टच्या बाहेर, तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर. त्यासोबत डोमेन तुमच्या नावावर आणि होस्टिंगचं लॉगिन तुमच्याकडे. साइट बनवणाऱ्या दादाच्या ईमेलवर नको.

हे तिन्ही हातात असेल तर कुठलंही दार बंद झालं तरी साइट उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येते. नसेल तर भांडण कुणाचंही असो, भर सीझनमध्ये वाट बघत बसावं लागेल. हे काम ऑगस्टमध्ये करा. तेव्हा बुकिंग नसतं, आणि एखाद दिवस साइट बंद राहिली तरी चालतं.